शब्द कुठून आले? मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

लातूर, बीड, नांदेड, परभणी, जालना अशा ठिकाणांहून हे प्रश्न थोड्याफार फरकाने सतत येतात. बहुतेकांची सुरुवात ‘आमच्याकडं असं सांगतात की…’ अशीच असते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिकडे बोट दाखवलं आहे. अरबी-फारसी शब्द मराठी कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत, नुक्ते (अक्षराखालची टिंबं) दिलेले नाहीत.

शब्दाचं मूळ शोधायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

तीन गोष्टी: शब्दाचं जुनं रूप, जुना अर्थ, आणि तो आपल्यापर्यंत कुठल्या वाटेनं आला ती वाट. तिन्हींचा मेळ बसला तरच व्युत्पत्ती टिकते.

पैठणचं उदाहरण घ्या. संस्कृत नाव प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचा उल्लेख ‘पैठाना’ असा आहे. म्हणजे ‘प्रतिष्ठान’ झिजून ‘पैठण’ व्हायचं काम तेव्हाच उरकलेलं होतं. व्यापाऱ्यांच्या तोंडी प्राकृत रूप होतं आणि परदेशी लेखकानं तेच टिपलं. त्याच ग्रंथात धाराशिव जिल्ह्यातलं तेर ‘तगर’ म्हणून येतं. इथे रूप, स्थळ आणि काळ तिन्ही हाती आहेत. इतका भक्कम पुरावा फार थोड्या शब्दांना लाभतो.

शाळेत तत्सम, तद्भव, देशी असं पाठ केलं होतं. त्याचा उपयोग काय?

ढोबळ वर्गवारीपुरता. संस्कृतातून जसाच्या तसा आला तो तत्सम (जल), झिजून आला तो तद्भव (हस्तावरून हात), मूळ सापडत नाही तो देशी. यातला ‘देशी’ हा खाना जरा जपून वापरावा. त्यात टाकलेल्या कितीतरी शब्दांचे नातेवाईक कानडी-तेलुगूत सुखानं नांदत असतात (पुढे तुपाचा प्रश्न पाहा).

मराठवाड्यातला ‘वाडा’ म्हणजे चौसोपी वाडाच का?

मूळ एकच, अर्थ वेगळा. संस्कृत ‘वाट’ किंवा ‘वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून वाडा, वाडी आणि पुढे मुलूख या अर्थानं मारवाड, काठेवाड. मराठवाडा म्हणजे मराठी लोकांचा मुलूख. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी असे तीन भाषिक भाग होते. त्यातला मराठी भाग ओळखण्यासाठी हे नाव रुळलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली तरी ते टिकलं.

तहसील, तालुका, जिल्हा हे सगळे शब्द उर्दू आहेत ना?

उर्दूतून आणि फारसीतून आले, पण तिन्ही मुळात अरबी. तहसील म्हणजे गोळा करणं. महसूल आणि हासील त्याच धातूतले सख्खे भाऊ. ‘वसूल’ मात्र त्या घरातला नाही, त्याचा धातू ‘पोचणे’ या अर्थाचा आहे. तालुका हा ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध या शब्दावरून आला आणि ‘इलाका’ त्याच धातूतला. जिल्ह्याचं मूळ सगळ्यात गमतीचं: अरबीत त्याचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू.

मराठवाड्यात हे शब्द जास्त खोल रुजले त्याला कारण आहे. निजामाच्या दरबारची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूनं घेतली आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झालं. आजोबांच्या ट्रंकेत जुने कागद असतील तर एक लक्षात ठेवा: हैदराबाद संस्थानात ‘तालुकदार’ म्हणजे कलेक्टरच्या दर्जाचा अधिकारी. ‘आमचे पणजोबा तालुकदाराला भेटले’ याचा अर्थ ते तहसील कचेरीत गेले असा लावू नका. तसंच इनामी जमिनीच्या कागदावरचं ‘मुंतखब’ हे कुणाचं नाव नसून त्याचा अर्थ निवडलेला उतारा.

शब्दकोशात खरीप म्हणजे शरद आणि रब्बी म्हणजे वसंत दिलंय. आपण तर खरीप मृगात पेरतो. कोश चुकलाय का?

कोश बरोबर आहे. अरबीत ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. नावं पडली ती काढणीवरून. जूनमध्ये पेरलेलं पीक शरदात हाती येतं, थंडीतली ज्वारी-हरभरा वसंताच्या तोंडावर. सारा गोळा करणाऱ्याला पेरणीशी काय घेणंदेणं, त्याचं लक्ष खळ्यावर.

याच अंगानं ‘हंगाम’ पाहा. फारसीत हंगाम म्हणजे वेळ, आणि ‘हंगामा’ म्हणजे गर्दी, गोंधळ. दोन्ही एकाच घरातले. खताच्या दुकानापुढची जूनमधली रांग पाहिली की हे नातं वेगळं सांगावं लागत नाही.

पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणतात. हे पैसे कुणाला मिळतात?

कुणालाच नाही. तो पिकाचा अंदाज असतो. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते आणि पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, म्हणून ‘आणेवारी’. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, आणि ‘पैसेवारी’ झाली. पन्नास पैसे म्हणजे निम्मं पीक. नाणं चलनातून गेलं तरी ‘सोळा आणे खरं’ अजून चालतं, आणि जुनी माणसं आजही पैसेवारीला आणेवारीच म्हणतात.

हल्ली हा शब्द निजामाच्या ‘हाली’ रुपयावरून आला, हे खरं का?

दोघे एकाच बापाचे आहेत, एक दुसऱ्याचा मुलगा नाही. अरबी ‘हाल’ म्हणजे सध्याची स्थिती. त्यावरून ‘हाली’ म्हणजे चालू, सध्याचा. निजामाचा चालू शिक्का तो हाली शिक्का, आणि मराठीतलं ‘हल्ली’ म्हणजे सध्या. हालहवाल, हालत, ‘हाल झाले’ यांतही तोच हाल आहे. ‘हल्ली’ मराठवाड्याबाहेर, जिथं निजामाचं नाणं कधी पोचलं नाही तिथंही चालतो. तेव्हा तो रुपयावरून पडला असं म्हणता येत नाही.

इंग्रजांच्या रुपयाला मात्र आपल्याकडे ‘कलदार’ म्हणत. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. साधारण ७ हाली रुपयांना ६ कलदार मिळत. सरहद्दीवरच्या गावांत बाजाराला जायचं तर हा हिशेब तोंडपाठ लागे.

मोंढ्यात रोज ऐकू येणारे शब्द कुठले आहेत? हमाल, दलाल, बारदाना, लिलाव वगैरे?

मोंढा ही शब्दांचीही बाजारपेठ आहे. हमाल अरबी, ओझं वाहणारा. दलालही अरबी, वाट दाखवणारा. त्याच धातूतून ‘दलील’ म्हणजे पुरावा किंवा युक्तिवाद. दलालाला बोलता यावंच लागतं, त्यामुळे हे नातं पटायला जड जात नाही. बारदाना फारसी: ‘बार’ म्हणजे ओझं, ‘दान’ म्हणजे ठेवायचं साधन (अत्तरदान, पानदान आठवा). सौदा फारसी. लिलाव मात्र पोर्तुगीज ‘लेलांव’वरून, आणि लिलावानंतर मिळणारा पगारही पोर्तुगीजच, ‘पागार’ म्हणजे देणं चुकवणं.

पोर्तुगीज मराठवाड्यात कधी राज्य करायला आले नाहीत, तरी त्यांचे शब्द आले. बंदरावरून माल वर चढला, मालाबरोबर नावं चढली. चावी, घमेलं, बिजागरी, पिंप, बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी हे सगळे त्याच वाटेनं आले. यातले काजू, अननस, बटाटा हे पोर्तुगिजांचेही स्वतःचे नव्हेत. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून ते त्यांनी उचलले होते.

बीडच्या ऊसतोडीतले ‘कोयता’ आणि ‘मुकादम’ कुठले?

कोयत्याचं नातं कानडीशी दिसतं. तिथे ‘कोय्यू’ म्हणजे कापणं, पीक काढणं. ऊसतोडीत मात्र कोयता म्हणजे हत्यार राहिलं नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस अर्धा कोयता. उचल देताना माणसं मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. शब्दाचा अर्थ असा सरकतो तेव्हा त्यामागे कामाची सगळी रीत उभी असते, ती कोशातल्या एका ओळीत मावत नाही.

मुकादम अरबी. पुढे केलेला, पुढारी. जुन्या कागदांत गावच्या पाटलालाही मुकादम म्हटलेलं सापडतं. पाऊल या अर्थाचा ‘कदम’ त्याच धातूतला. आडनाव ‘कदम’ मात्र वेगळं, त्याचा संबंध कदंब राजघराण्याशी जोडला जातो. कदम आडनावाच्या मुकादमानं हे वाचलं तर गोंधळू नये.

तूप हा शब्द कानडी आहे असं वाचलं. मग आपण तुपाला आधी काय म्हणत होतो?

कानडीत ‘तुप्प’ आहे हे खरं. पण जुन्या प्राकृतातही ‘तुप्प’ सापडतो. तेव्हा ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वाटणी इथे जमत नाही. गोदावरी ते कृष्णा या पट्ट्यात दोन्ही भाषा शतकानुशतकं एकाच घरात बोलल्या गेल्या. मूळ रूप द्राविडी असावं, एवढंच म्हणता येतं.

ज्यांच्याविषयी शंका कमी आहे असे बरेच आहेत. हुडकणे हा कानडी ‘हुडुकू’ म्हणजे शोधणं. अडकित्त्यातला ‘अडके’ म्हणजे सुपारी. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती तर सगळ्या द्राविडी भाषांत आहेत. पिल्लू तमिळ-तेलुगूतल्या मूल या अर्थाच्या शब्दांजवळ जातं. उदगीर-निलंगा-उमरगा भागातल्या लोकांना यात नवल वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांची पत्रं मात्र ‘अण्णा कानडी कसा?’ म्हणून येतात.

येळवस म्हणायचं की वेळा अमावस्या? आणि ‘येळ’ म्हणजे सात ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मार्गशीर्ष संपला की धडाधड येतो.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कोप (छोटी खोप) करून पूजा करतं, भज्जी, उंडे, आंबील असं जेवण होतं. त्या दिवशी लातूर शहरात चहाची टपरी शोधून सापडत नाही. नावाबद्दल तीन मतं ऐकू येतात.

पहिलं: वेळ म्हणजे समय, म्हणून वेळ अमावस्या. दुसरं: कानडी ‘येळू’ म्हणजे सात, सातवी अमावस्या. तिसरं: कानडी ‘येळ्ळू’ म्हणजे तीळ, तिळाची अमावस्या.

आमचा कौल तिसऱ्याला. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गी भागात हाच सण याच दिवशी याच रीतीनं होतो आणि त्याचं नाव ‘येळ्ळ अमावास्ये’ आहे. तिथे अर्थ तीळ असाच घेतात. कानडीत सात आणि तीळ या दोन शब्दांत फक्त स्वर लांब की व्यंजन दुहेरी एवढाच फरक आहे. मराठी कानाला तो ऐकू येत नाही, म्हणून ‘सात’ हा अर्थ शिरला असावा.

मग ‘वेळ’ कुठून आला? आपल्या बोलीत वेळेला ‘येळ’ म्हणतातच. शिकलेल्या माणसाला ‘येळ’ ऐकू आलं की तो अशुद्ध समजून ‘वेळ’ असं सुधारतो. इथे जे सुधारायची गरज नव्हती तेही सुधारलं गेलं असावं. तेव्हा येळवस म्हणणाऱ्यांना हसू नका, मुळाच्या जवळ तेच आहेत.

गावाच्या नावात शेवटी ‘ऊर’ असलं की ते गाव कानडी, असं समजायचं का?

नाव द्राविडी असण्याची शक्यता धरायची, इतकंच. ‘ऊरू’ म्हणजे गाव. लातूरचं जुनं नाव लत्तलूर. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुराचे स्वामी म्हणवीत, तो ताम्रपटांतला उल्लेख आपल्याला ठाऊक आहे. देगलूर, चाकूर, धारूर अशी नावं या पट्ट्यात पुष्कळ. पण संस्कृत ‘पूर’ झिजूनही शेवटी ‘ऊर’ उरू शकतं. जुनं लेखी रूप मिळाल्याशिवाय नुसत्या शेपटीवरून निकाल देऊ नये.

गंगाखेड, गंगापूर, गंगथडी यांतली गंगा कोणती, असंही विचारतात. ती गोदावरी. नदीकाठी तिला गंगाच म्हणतात.

‘आबाद’मध्ये ‘आब’ म्हणजे पाणी आहे. पाणी असेल तिथं वस्ती, म्हणून दौलताबाद, खुलताबाद. बरोबर?

ऐकायला गोड आहे, आणि पाण्यासाठी तरसणाऱ्या मुलखात ते पटकन पटतं. पण ‘आबाद’चं जुनं रूप पाहता त्यात राखणे, सांभाळणे या अर्थाचा ‘पा’ धातू असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच संस्कृतात पालन, गोप, नृप यांत आहे. आबाद म्हणजे राखलेलं, वसलेलं.

खुलताबादमध्ये मूळ ‘खुल्द’ आहे, म्हणजे अक्षय लोक, स्वर्ग. औरंगजेब तिथे पुरला गेला आणि मरणोत्तर त्याला ‘खुल्दमकान’ म्हणत. ‘खुलता’ हे मराठी जिभेनं केलेलं सोपं रूप. त्याचा कळी खुलण्याशी संबंध नाही.

मोसंबी जालन्याची, मग नाव कुठलं?

आफ्रिकेतल्या मोझांबिकचं. फळ जालन्याचं म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेलं असलं तरी नाव पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनं तिथून आलं. खुद्द मोझांबिक हे नाव तिथल्या किनाऱ्यावरच्या एका बेटाचं, आणि ते मूसा नावाच्या अरब सरदारावरून पडलं असं सांगतात. अरब माणसाचं नाव, आफ्रिकेचं बेट, पोर्तुगीज गलबत आणि अंबड-घनसावंगीच्या बागा.

नारिंगाचा प्रवास उलट्या दिशेचा. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा आणि शेवटी इंग्रजी ऑरेंज. साखरही तशीच. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडी. ती फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि युरोपात शुगर झाली. आणि ‘खंड’ हा शब्द अरबांमार्फत कँडी होऊन चकचकीत कागदात परत आला.

पेरू हे नाव पेरू देशावरून आलं ना? आणि आम्ही त्याला जाम का म्हणतो?

फळ अमेरिकेचं आहे, म्हणून देशाची आठवण होते. पण बहुतेक जाणकार ते पोर्तुगीज ‘पेरा’वरून आल्याचं मानतात. पेरा म्हणजे नाशपाती. आकार पाहून दिलेलं नाव. गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की कोंबडा.

मराठवाड्यातला ‘जाम’ किंवा ‘जांब’ हा दख्खनी आणि तेलुगू शेजाराचा. तेलुगूत पेरूला ‘जामा’ म्हणतात, हैदराबादेत ‘जाम’. जंबू, म्हणजे जांभळाच्या जुन्या नावाशी त्याचं नातं असावं. नव्या फळाला जुन्या फळाचं नाव देणं सगळीकडे चालतं. मिरचीचंही तेच झालं: संस्कृत मरिच म्हणजे काळी मिरी. तिखट लाल मिरची पोर्तुगिजांबरोबर आली आणि नाव ते घेऊन बसली. पैठणला एकनाथांच्या आधी दोनशे वर्षं कुणी ठेचा खात असेल तर तो मिरचीचा नव्हता.

सोयाबीन?

जपानी ‘शोयू’, म्हणजे तिथला खारट रस्सा. डच व्यापाऱ्यांनी त्याचं ‘सोया’ केलं. आधी रस्स्याचं नाव, मग दाण्याचं.

टँकर इंग्रजी आहे हे उघड आहे. त्यात विचारण्यासारखं काय?

विचारावं असं आहे. इंग्रजीत ‘टँक’ कुठून आला यावर दोन मतं आहेत. एक मत गुजराती-मराठी ‘टांकं’, ‘टाकं’कडे बोट दाखवतं. डोंगरात, लेण्यांत, किल्ल्यांवर खोदलेली पाण्याची टाकी आपण पाहतोच. दुसरं मत पोर्तुगीज ‘तांके’कडे, ज्याचा धातू ‘अडवणे’ या अर्थाचा. दोन्ही शब्द भारतातल्या इंग्रजांच्या कानावर एकाच वेळी पडत होते, तेव्हा दोघांनी मिळून इंग्रजी शब्द घडवला असणं अशक्य नाही. रणगाड्याला टँक म्हणतात तेही पाण्याच्या टाकीमुळेच. पहिल्या महायुद्धात गुप्तता राखायला ब्रिटिशांनी त्याला पाण्याची टाकी म्हटलं होतं.

जमीन आणि जामीन यांचा संबंध आहे का? जामिनासाठी जमिनीचाच सातबारा लागतो.

कचेरीत आहे, भाषेत नाही. जमीन फारसी, भूमी, आणि ती संस्कृत ‘क्ष्मा’ची लांबची बहीण. जामीन अरबी, हमी घेणारा. मूळ लिपीत दोघांचे ‘ज’ वेगळे आहेत. मराठीत ते सारखे झाले.

अशा फसव्या जोड्या पुष्कळ. आमराईतला ‘आम’ आंब्याचा, आमसभेतला ‘आम’ अरबी, म्हणजे सर्वसाधारण. (कदम आणि वसूल यांच्याविषयी वर आलंच आहे.)

हप्ता आणि सात हे सारखे वाटतात. मग हप्ता संस्कृत आहे का?

नाही, पण नात्यातला आहे. उसनं घेणं आणि रक्ताचं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्कृत आणि जुनी इराणी भाषा या बहिणी. संस्कृतात जिथे ‘स’, तिथे इराणीत पुष्कळदा ‘ह’ येतो: सप्त-हफ्त, सिंधू-हिंदू. ‘सात’ आपल्याला वारशानं मिळाला, ‘हप्ता’ नंतर फारसीतून उसना घेतला. सात दिवसांचा तो हप्ता. आपण मात्र आठवडा म्हणताना आठ मोजतो, सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून. बचत गटाचा हप्ता महिन्याला आला तरी तो हप्ताच. तिथे सात दिवस कधीच विरून गेले.

आपणच सगळ्यांकडून घेतलं का? आपलं कुणी काही घेतलं नाही?

घेतलं, आणि रोज वापरतात. दख्खनी बोलणारा माणूस ‘नक्को’ म्हणतो, ते आपलं ‘नको’. ‘ऐसाइच’, ‘वोइच’ यांतला शेवटचा ‘च’ आपला. दिल्लीकडच्या उर्दूत हा ‘च’ नाही. शब्द उसना घेणं सोपं असतं. जोर देण्याची लकबच उचलायला पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहावं लागतं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या बाजारात हे शेजारपण कुणीही तासाभरात ऐकू शकतो. वली औरंगाबादीसारखा कवी ज्या दख्खनीच्या परंपरेतून पुढे आला, तिच्या पोटात मराठी आहे, हे उर्दूचे अभ्यासकही मान्य करतात.

रझाकार म्हणजे स्वयंसेवक, असं मुलाला शाळेत कळलं. घरी आजी चिडली. कोण बरोबर?

दोघंही. ‘रझा’ म्हणजे राजीखुशी, ‘कार’ म्हणजे करणारा. शब्दाचा अर्थ स्वयंसेवकच, आणि पाकिस्तानात तो त्या अर्थानं आजही वापरतात. पण १९४७-४८ मध्ये लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखालच्या रझाकारांनी इथल्या गावांवर जे जुलूम केले, त्यानंतर मराठवाड्यात हा शब्द त्या एकाच आठवणीचा झाला. १९७१ नंतर बांगलादेशातही त्याची अशीच शिवी झाली. व्युत्पत्ती दाखवून आजीची समजूत काढायला जाऊ नका. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात, धातू नाही.

नानखलिया हे नाव महंमद तुघलकाच्या सैन्यावरून पडलं का?

पदार्थ १३२७ च्या राजधानी-बदलाबरोबर आला अशी आख्यायिका आहे. नावात तुघलक नाही. नान म्हणजे फारसीत भाकरी-रोटी. ‘कलिया’ अरबी, तळणे-भाजणे या धातूवरून. त्याच धातूतून जाळलेल्या वनस्पतीच्या राखेला ‘अल-कली’ म्हणत, आणि तो रसायनशास्त्रात ‘अल्कली’ झाला. दहावीच्या पोरांना हे सांगून पाहा.

मराठीतले फारसी-अरबी शब्द काढून टाकावेत का?

प्रयत्न झालेले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनोबताला सेनापती अशी नावं दिली गेली, आणि शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. यातले काही शब्द टिकले, पण पुढच्या शतकात सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी ‘पेशवा’च बसला. एकनाथांनी तर त्याआधीच फारसी दरबारी बोली उचलून ‘अर्जदास्त’ लिहिलं होतं, देवापुढचा अर्ज, कचेरीच्या भाषेत.

आमचं मत विचाराल तर नवा चांगला शब्द मिळाला तर वापरावा, जुना हाकलायची मोहीम करू नये. कुठवर हाकलणार? पंचनाम्यात पंच आपले आणि ‘नामा’ फारसी. जिल्हाधिकाऱ्यात जिल्हा अरबी आणि अधिकारी संस्कृत. हवामानात हवा अरबी, मान संस्कृत. गैरसमजात तर ‘समज’ आपली आणि ‘गैर’ त्यांचं.

मोबाइलवर रोज एक ‘शब्दाची कथा’ येते. खरी-खोटी कशी ओळखायची?

कथा जितकी चटकदार तितका संशय जास्त धरा. एखाद्या राजानं, साहेबानं किंवा म्हातारीनं एक वाक्य उच्चारलं आणि त्यातून शब्द तयार झाला, अशी गोष्ट असली तर बहुधा ती नंतर रचलेली असते. मग तारीख पाहा. संत्रं पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं असं फिरवतात, पण बाबराच्या आत्मचरित्रातच ‘संगतरा’ आहे. शब्दाच्या अक्षरांचा विस्तार करून अर्थ काढलेला असेल तर पुढे वाचूच नका.

सगळ्याच रंजक कथा खोट्या नसतात हेही खरं. ‘तारांबळ’ हा मंगलाष्टकांनंतरच्या ‘ताराबलं चंद्रबलं’ या ओळीवरून आला असं मानतात, आणि लग्नघटकेला मांडवात उडणारा गोंधळ पाहता रूप आणि अर्थ दोन्ही जुळतात.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि ती आज मोबाइलवरही पाहता येते. पुष्कळ शब्दांपुढे तो संस्कृत, अरबी की फारसी याची खूण असते. पहिली तपासणी तिथे करावी. मराठवाड्याची बोली मात्र त्यात कमी आहे, कारण तो कोश इंग्रजी मुलखातल्या मराठीवर उभा आहे.

आमच्या गावात एक शब्द आहे, तो कुठल्याच कोशात नाही. पाठवू का?

जरूर. पण नुसता शब्द पाठवू नका. तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसंच्या तसं लिहा: ‘काय करूलालास’ असेल तर ‘काय करतोयस’ असं शुद्ध करू नका. गाव आणि तालुका कळवा, कोण बोलतं तेही: शेतातल्या बाया, मोंढ्यातले हमाल, की फक्त घरातली आजी. पलीकडच्या गावात त्याच वस्तूला दुसरा शब्द असेल तर तोही लिहा. आणि अर्थाबद्दल गावात दोन मतं असतील तर दोन्ही कळवा, निकाल लावून पाठवायची घाई नको.